वस्तऱ्याचे जपानी दगड

वस्तऱ्याला अखेरची धार देण्यासाठी वापरले जाणारे, जपानमधील क्योतो शहराच्या आसपासच्या डोंगरांतून काढलेले नैसर्गिक दगड. जपानीत यांना ‘तेन्नेन तोइशी’ आणि त्यांतल्या शेवटचा हात देणाऱ्या बारीक दगडांना ‘आवासेदो’ म्हणतात. सुताराचे रंधे, पटाशा, स्वयंपाकघरातल्या सुऱ्या यांनाही हे दगड चालतात. वस्तऱ्याला मात्र त्यांतला सर्वांत बारीक, कठीण आणि निर्दोष तुकडा लागतो. संग्राहक त्याच्या शोधात असतात आणि किंमतही त्याचीच चढते.

सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वी, ट्रायासिक कल्पाच्या सुरुवातीला, खोल समुद्राच्या तळाशी रेडिओलेरिया या सूक्ष्मजीवांच्या सिलिकामय कवचांचा आणि अतिशय बारीक मातीचा गाळ साचला. भूकवचाच्या हालचालींत तो जपानच्या कडेला येऊन चिकटला, दबला आणि उभ्या-आडव्या थरांत उचलला गेला. त्याचाच हा दगड झाला. क्वार्ट्झचे अतिसूक्ष्म कण पोलाद कापतात आणि त्यांना धरून ठेवणारी अभ्रकासारखी माती ते हळूहळू सुटे करते. कृत्रिम दगडावर कणांच्या बारीकपणाचा हजार, आठ हजार असा क्रमांक छापता येतो. या दगडाला तसा क्रमांक नसतो. एकाच खाणीतले, एकाच थरातले दोन दगड वेगळे वागतात.

नाकायामा, ओझुकू, शोबुदानी, नारुताकी, ओहिरा ही खाणींची गाजलेली नावे. खाणीच्या नावापाठोपाठ थराचे नाव येते (तोमाए, सुइता, आइसा), मग रंगाचे आणि पोताचे: पिवळसर ‘कीइता’, निळसर करडा ‘आसागी’, कावळ्याच्या रंगाचे ठिपके असलेला ‘कारासू’, नासपतीच्या सालीसारखा ‘नाशिजी’. सुइतात बारीक छिद्रे असतात. विसाव्या शतकात कृत्रिम दगड स्वस्त आणि भरवशाचे झाले, धार न लावता वापरून टाकायची पाती घरोघर गेली आणि बहुतेक खाणी बंद पडल्या. आज बाजारात फिरतो तो मुख्यतः जुना साठा, आणि मेलेल्या खाणीचे नाव जिवंत खाणीपेक्षा महाग विकले जाते.

वापराची रीत शांतपणाची आहे. दगड ओला करून त्यावर ‘नागुरा’ नावाचा लहान दगड घासतात आणि सहाणेवर चंदन उगाळावे तसा पांढरट उगाळ काढतात. मिकावा भागातल्या नागुऱ्यांचा बोतान, तेन्जो, मेजिरो, कोमा असा क्रम लावतात, शेवटी मूळ दगडाच्याच तुकड्याने उगाळ काढतात. वस्तरा सपाट ठेवायचा, म्हणजे पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकलेली. धारेचा कोन पाठीच्या जाडीने आणि पात्याच्या रुंदीने ठरतो, मनगटाने नव्हे. धार पुढे ठेवून ओढायचे, टोकाला आले की पाठीवर उलटायचे, धारेवर कधीच नाही. उगाळ काळपट होऊ लागला की पोलाद सुटते आहे. मग थेंबथेंब पाणी घालून तो पातळ करत न्यायचा आणि शेवटचे हात जवळजवळ स्वच्छ पाण्यावर मारायचे. त्यानंतर चामोटी, म्हणजे धार घोटायचा चामड्याचा पट्टा.

संग्राहकाच्या दृष्टीने दगडाची मागची बाजू महत्त्वाची. तिच्यावर खाणीतली खडबडीत साल शिल्लक असते आणि शाईचे शिक्के असतात. शिक्के खोटे मारता येतात, म्हणून जाणकार शिक्क्यापेक्षा पृष्ठभागावर नख फिरवतो: नखाला अडणारी रेघ पात्यालाही अडते, आणि एखादा कठीण कण आख्खी धार बिघडवतो. थर सुटू नयेत म्हणून दगडाच्या कडांना लाख किंवा ‘काशू’ लावतात. हे काशू म्हणजे काजूच्या टरफलाच्या तेलापासून केलेले व्हार्निश. आपल्या कोकणात ते तेल हाताची कातडी सोलवटते म्हणून ओळखले जाते.

आपल्याकडचा दगड वेगळा. सांगली, मिरज, माधवनगर हा पट्टा काळ्या पाषाणाचा. बेसॉल्ट पाट्याला, जात्याला उत्तम, कारण तिथे खडबडीतपणाच हवा असतो आणि तो झिजला की पाथरवटाकडून टाकी लावून घेतात. वस्तऱ्याच्या दगडाचे गणित उलटे आहे आणि बेसॉल्टमधले असमान स्फटिक त्याच्या कामाचे नाहीत. म्हणून या भागातल्या नाभिकाच्या धोकटीतला दगड बाहेरूनच आलेला असे, पण तो कुठल्या डोंगरातला हे क्वचितच कुणी विचारले. आपल्याकडे मान होता तो हाताला. मिरजेचे शिकलगार हे त्याचे जवळचे उदाहरण. शस्त्रांना धार आणि झिलई देणारा हा समाज. इंग्रजी अमलात शस्त्रांची मागणी ओसरली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास या समाजातल्या फरीदसाहेबांनी सतार-तंबोरे करण्याचा मार्ग धरला आणि त्याच हातांचे पुढे वाद्यनिर्मितीचे घराणे झाले. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ज्या दगडांवर तलवारी पाजळल्या गेल्या, त्यांची मात्र कुठे नोंद नाही. जपान्यांनी दगडाची वंशावळ ठेवली, हा फरक दुर्लक्षण्याजोगा नाही.

१९०४ मध्ये जिलेटला सुरक्षित वस्तऱ्याचे पेटंट मिळाले तरी आपल्या केशकर्तनालयांत वस्तरा टिकून होता. एचआयव्हीच्या भीतीने चित्र बदलले. आता सलूनमध्ये ब्लेड मधोमध मोडून अर्धे पाते धारकात बसवतात आणि गिऱ्हाईक उठले की टाकून देतात. दगडाचे काम उरले आहे ते घरी वस्तऱ्याने दाढी करणाऱ्या हौशी माणसाकडे. त्याने पहिलाच दगड जपानहून मागवू नये. हजार आणि पाच-आठ हजार क्रमांकाचे कृत्रिम दगड, ते सपाट करायला हिऱ्याची पट्टी आणि एक चामोटी एवढ्यावर वस्तऱ्याला मूळ धार येते. ती नीट आली नसेल तर नाकायामाचा शिक्काही उपयोगी पडत नाही. आली असेल तर जपानी दगडाने दाढी मऊ होते, आणि फरक गालाला कळतो.