ओल्या फडक्याचा इतिहास : वऱ्हाडचे ऊन, जुनी मोटार आणि पेट्रोलची वाट

१/ मे महिन्याची दुपार. अमरावतीहून अकोल्याकडे निघालेली जुनी मोटार मूर्तिजापूरच्या अलीकडे आचके देते आणि थांबते. चालक बॉनेट उघडतो, भिजवलेला फडका पेट्रोल पंपावर ठेवतो आणि बाभळीच्या सावलीत बसतो. अर्ध्या तासाने गाडी सुरू होते. ‘तपली होती बाप्पा!’ एवढेच निदान. आजचा धागा या फडक्याविषयी.

२/ प्रथम थोडी पार्श्वभूमी. १९४२ साली ब्रह्मदेशातून माघार घेताना इंग्रजांनी येनानजाँगच्या तेलविहिरी उद्ध्वस्त केल्या. हिंदुस्थानला तेल पुरवणारा एक जवळचा स्रोत त्यामुळे आटला. युद्धकाळात पेट्रोलवर नियंत्रण आले आणि अनेक मोटारगाड्या लाकडी कोळशाच्या वायूवर चालवल्या गेल्या. इंधन इंजिनापर्यंत कसे पोहोचते, हा प्रश्न तेव्हा चालकालाही टाळता येत नव्हता.

३/ याच काळात, १९४४ मध्ये, सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. कुर्ल्याच्या या कारखान्यातून पुढे फियाट ११०० बाहेर पडली. हीच गाडी सत्तरच्या दशकात प्रथम ‘प्रेसिडेंट’ आणि मग ‘पद्मिनी’ झाली. १०८९ सीसीचे इंजिन, कार्बोरेटर आणि यांत्रिक पेट्रोल पंप ही तिची रचना. डॉक्टर, वकील, व्यापारी अशा मध्यमवर्गाची ही गाडी होती.

४/ तिच्यात पेट्रोलचा प्रवास असा : मागची टाकी, लांब धातूची नळी, इंजिनाला बसवलेला पंप, मग कार्बोरेटर. पंपात रबरी पडदा असतो. कॅमशाफ्टच्या फेऱ्यांबरोबर तो खालीवर होतो, टाकीतून पेट्रोल ओढतो आणि पुढे ढकलतो. म्हणजे टाकीपासून पंपापर्यंतच्या नळीत दाब वातावरणापेक्षा कमी असतो. ही बाब लक्षात ठेवा.

५/ पेट्रोल हे एक द्रव्य नव्हे. ते अनेक घटकांचे मिश्रण आहे. त्यातील हलके घटक चाळीस अंशांच्या आसपासच उकळू लागतात आणि दाब कमी असेल तर त्याहूनही लवकर. अकोल्याचा पारा मे महिन्यात ४५ अंशांच्या घरात जातो; बॉनेटखालचे तापमान त्याच्याही बरेच वर असते. पंपात पेट्रोलऐवजी वाफ भरते. वाफ दाबली की आकसते, पुढे सरकत नाही. पंप हलत राहतो, पण कार्बोरेटर उपाशी राहतो. यालाच ‘व्हेपर लॉक’ म्हणतात.

६/ फडक्यामागचे शास्त्र आपल्या माठाचेच आहे. पाणी बाष्प होताना उष्णता घेऊन जाते आणि पंप थंड होतो. वऱ्हाडच्या कोरड्या उन्हात हे बाष्पीभवन झपाट्याने होते. त्याच कारणाने हाच उपाय कोकणच्या दमट हवेत तितका गुणकारी ठरणार नाही.

७/ येथे इतिहासाच्या विद्यार्थ्याने थबकावे. फडका ठेवला आणि गाडी सुरू झाली. म्हणून फडक्यामुळेच सुरू झाली का? त्या अर्ध्या तासात संपूर्ण इंजिन थंड झाले. इग्निशन कॉइल किंवा कंडेन्सर दुबळा असेल तर तोही तापल्यावर दगा देतो आणि थंड झाल्यावर पूर्ववत होतो. लक्षण एक, कारणे दोन. ‘यानंतर घडले, म्हणून यामुळे घडले’ ही चूक आपण बखरी वाचतानाही करतो.

८/ म्हणून जाणता मिस्त्री फडक्याआधी ठिणगी पाहतो. गाडी तापून बंद पडलेली असतानाच ठिणगी क्षीण असेल, तर दोष विजेचा. ठिणगी चांगली असेल, तर एअर फिल्टर काढून कार्बोरेटरच्या तोंडात पाहायचे आणि ॲक्सिलरेटर हलवायचा. पेट्रोलची धार उडाली तर तेथवर इंधन आलेले आहे. नाही उडाली तर शोध मागे न्यायचा.

९/ टाकीचे झाकण उघडताना ‘फुस्स’ आवाज होऊन हवा आत शिरली तर झाकणाचे श्वासछिद्र बुजलेले आहे. टाकीत पोकळी निर्माण होऊन पेट्रोल अडते. नवा पंप बसवूनही असा दोष जात नाही, आणि कारण मात्र सुईच्या टोकाएवढे असते.

१०/ पुढची परीक्षा इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच, आगीपासून दूर आणि ठिणगी तोडून. कार्बोरेटरकडे जाणारी नळी बाटलीत सोडून इंजिन फिरवायचे. ठोक्याठोक्याने भरघोस धार आली तर पंप ठीक. मग एक तर उष्णता दोषी, नाही तर कार्बोरेटरची जाळी वा सुई. थंड असूनही धार दुबळी असेल तर गाळ किंवा पंप. इंजिन ऑइलच्या पट्टीला पेट्रोलचा वास आला तर पंपाचा पडदा फाटल्याचा संशय पक्का होतो.

११/ ही पद्धत ओळखीची वाटते ना? एका साक्षीवर विसंबायचे नाही; दुसरा स्वतंत्र पुरावा शोधायचा; आणि साक्ष कोणत्या परिस्थितीत घेतली ते नोंदवायचे. तापलेल्या गाडीची साक्ष वेगळी, थंड गाडीची वेगळी.

१२/ तो रस्ता आता बदलला. जून २०२२ मध्ये अमरावती–अकोला महामार्गावर ७५ किलोमीटरचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत घातला गेला आणि त्याची गिनीज विक्रमात नोंद झाली. आजच्या गाड्यांत पंप बहुधा टाकीतच असतो आणि पेट्रोल दाबाखाली पुढे येते. त्यामुळे ते सहज उकळत नाही. फडक्याची गरज संपली.

१३/ इंधनही बदलले. २०२३ पासून २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल विकले जाऊ लागले. इथेनॉल पाणी शोषते आणि जुन्या प्रतीच्या रबरी नळ्या व पडदे त्याने खराब होऊ शकतात. जुनी मोटार जपणाऱ्याने आधी हे रबरी भाग इथेनॉल सोसणारे आहेत का, ते पाहावे.

१४/ २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपातील खासगी गाड्यांची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी होऊ शकते. सत्तरच्या दशकारंभीच्या गाड्या आता त्या वयाच्या झाल्या आहेत. गाडीला दप्तरी नोंद मिळाली; ती कानाने आणि नाकाने ओळखणाऱ्या मिस्त्रींना मात्र नाही. त्यांनी पुस्तके लिहिली नाहीत.

१५/ म्हणून एक विनंती. तुमच्या गावात असे वृद्ध मिस्त्री असतील तर त्यांच्याजवळ बसा, अनुमती घेऊन त्यांचे बोलणे ध्वनिमुद्रित करा. गाडीचे सुटे भाग पुन्हा घडवता येतात. ‘आधी ठिणगी पाह्य, मग फडका ठेव’ हे सांगणारा आवाज एकदा गेला की पुन्हा मिळत नाही. धागा समाप्त.