वाइनची कुळकथा आणि जीटी ७३०

नांदेडला विष्णुपुरीत इंजिनीअरिंग करणाऱ्या किंवा लातूरला क्लाससाठी खोली घेऊन राहिलेल्या पोराकडे डेस्कटॉप असलाच, तर तो बऱ्याचदा कुठल्यातरी ऑफिसनं काढून टाकलेला, तिसऱ्या-चौथ्या पिढीचा आय-फाइव्ह असतो. त्याच्यावर विंडोज ११ सरळ चढत नाही. विंडोज १०चे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ला थांबले. विंडोज ७ ठेवावं तर स्टीमनं १ जानेवारी २०२४पासून त्याची साथ सोडली. मग कुणीतरी रूममेट सांगतो, "लिनक्स टाक की, कसलं पळतंय बघ." सल्ला खरा आहे, मशीन पळतं. अडतो तो गेम. आणि राग येतो तो यासाठी, की तोच गेम त्याच मशीनवर, त्याच कार्डावर, विंडोजमध्ये कालपर्यंत चालत होता.

याचं मूळ १९९३ सालात आहे. लातूरकरांना त्या सालाचं नाव काढलं की किल्लारीचा भूकंपच आठवतो. त्याच वर्षी बॉब ॲमस्टाट यांनी विंडोज ३.१चे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवायची खटपट सुरू केली, तीच 'वाइन'. सन कंपनीच्या 'वाबी' या तसल्याच सॉफ्टवेअरवरून ही कल्पना निघाली होती. १९९४मध्ये काम अलेक्सांद्र ज्युलियार यांच्याकडे आलं आणि तेव्हापासून ते त्यांच्याकडेच आहे. वाइन १.० मात्र बाहेर पडलं १७ जून २००८ला. पंधरा वर्षं! मायक्रोसॉफ्ट आपल्या घरातलं काही सांगत नाही, आणि बाहेरून ठोकून ठोकून आत काय असेल ते ओळखायचं, म्हटल्यावर इतका वेळ लागणारच.

वाइन खोटं विंडोज उभं करत नाही. निजामाच्या काळातला उर्दू दस्त घेऊन एखाद्या जाणत्या म्हाताऱ्याकडे गेलं, तर तो नवा दस्त करत बसत नाही. ओळ वाचतो आणि तिथल्या तिथे मराठीत सांगतो. वाइनचं काम तसलंच. त्यामुळे प्रोसेसरवर फार बोजा पडत नाही. घोडं पेंड खातं ते चित्रापाशी. विंडोजचे गेम ग्राफिक्स कार्डाशी डायरेक्टथ्रीडीतून बोलतात, आणि लिनक्सकडे होतं ओपनजीएल. दोन्हींची घडण वेगळी, त्यामुळे वाइनमधला 'वाइनडीथ्रीडी' हा भाग सगळं उलगडून पुन्हा बांधतो आणि त्यात वेग जातो. क्रिकेट ०७सारख्या जुन्या गेमला एवढ्यानं काही होत नाही. डायरेक्टएक्स ११च्या गेमांना मात्र दम लागायचा, आणि तेही चालले तर.

मध्ये एक धंद्याची भानगड झाली. ट्रान्सगेमिंग कंपनीनं वाइनचा कोड उचलून, त्यात गेमांसाठी भर घालून, तो पैसे घेऊन द्यायला सुरुवात केली. सुधारणा सगळ्या मात्र परत आल्या नाहीत. मार्च २००२मध्ये वाइननं परवाना बदलून एलजीपीएल केला, म्हणजे वाइनमध्ये बदल करून ते वाटणाऱ्यानं तो बदललेला कोडही खुला करायचा. माझ्या मते पुढचं सगळं या एका निर्णयावर उभं आहे.

कारण पुढे स्टीमची मालक कंपनी वाल्व आली. त्याआधी फेब्रुवारी २०१६मध्ये 'व्हल्कन' निघालं होतं, कार्डाशी जास्त जवळून बोलणारं. फिलिप रेबोले या प्रोग्रॅमरला 'निअर: ऑटोमाटा' लिनक्सवर खेळायचा होता, म्हणून त्यानं डायरेक्टथ्रीडी ११चं थेट व्हल्कन करणारं 'डीएक्सव्हीके' लिहायला घेतलं. वाल्वनं त्याला हाताशी धरलं आणि ऑगस्ट २०१८मध्ये वाइन आणि डीएक्सव्हीके एकत्र करून 'प्रोटॉन' दिलं. जे गेम कधी उघडायचे नाहीत ते एका क्लिकवर सुरू झाले. लिनक्सवाल्यांची दिवाळीच होती ती.

जुन्या मशीनचा रस्ता नेमका इथेच तुटला. प्रोसेसर जुना चालतो, रॅम कमी चालते, पण व्हल्कन कार्डात आणि त्याच्या ड्रायव्हरमध्ये असावं लागतं. इंटेलच्या तिसऱ्या-चौथ्या पिढीच्या ग्राफिक्सला ते अर्धवटच मिळालं. चौथ्या पिढीवर, म्हणजे हॅसवेलवर, टर्मिनलमधून गेम सुरू केला की ओळ येते, 'हॅसवेल व्हल्कन सपोर्ट इज इनकम्प्लीट'. दुसऱ्या पिढीला तर तेही नाही. शिवाय नोव्हेंबर २०२२मध्ये डीएक्सव्हीके २.० आलं, त्याला व्हल्कन १.३ हवं. २०२३च्या प्रोटॉन ८नंही तीच अट घातली.

मग पोरं स्वस्तातलं कार्ड बघतात, आणि हाती येतं जीटी ७३०. या कार्डाची गंमत अशी, की एकाच नावाखाली दोन कुळं विकली गेली. काहींत जुनी फर्मी चिप, काहींत केप्लर. फर्मीला व्हल्कन नाहीच. केप्लरला आहे, पण एनव्हिडियाच्या ४७० ड्रायव्हरवर ते १.२पाशी थांबतं, आणि त्या ड्रायव्हरची देखभालही २०२४मध्ये संपली. म्हणजे प्रोटॉन ७ धरून बसायचं, आणि कर्नल अपडेट झाल्यावर स्क्रीन काळी दिसली तर आधीचा कर्नल निवडून परत आत यायचं.

फर्मी किंवा इंटेलवाल्यांना स्टीमच्या लाँच ऑप्शनमध्ये 'PROTON_USE_WINED3D=1 %command%' लिहून जुन्या ओपनजीएलच्या वाटेनं जाता येतं. डायरेक्टएक्स ९चे गेम तिथे बऱ्यापैकी निभावतात. ११चे रखडत चालतात, १२चं नाव काढू नये. व्हॅलोरंटचा तर प्रश्नच येत नाही. त्याचा व्हॅनगार्ड हा पहारेकरी विंडोजच्या कर्नलमध्येच बसतो, तिथे नवं कार्ड घालूनही उपयोग नाही.

सेकंडहँड जीटी ७३० घेणाऱ्यानं लिनक्सचा लाइव्ह पेनड्राइव्ह खिशात घालूनच दुकानात जावं आणि तिथल्या तिथे टर्मिनलमध्ये एलएसपीसीआय मारावं. जीके२०८, म्हणजे केप्लर, दिसलं तर भाव करायला हरकत नाही. जीएफ१०८, म्हणजे फर्मी, दिसलं तर दुकानदार कितीही म्हणो, "गेमिंग कार्ड आहे, घेऊन जा बिनधास्त," ते लिनक्सवरच्या गेमांच्या कामाचं नाही.