पाटकऱ्याचं धान्य कोणी द्यायचं?

धरण कोणी बांधलं, कालवा कोणी खणला, हा इतिहास आपण शाळेत शिकतो. पण कालवा झाल्यावर रोज पाणी वाटायला, कोणाची पाळी कधी हे लिहून ठेवायला, भांडण सोडवायला माणूस लागतो. त्या माणसाचं पोट कोणी भरायचं? आज या एवढ्याच प्रश्नावर बोलणार आहे.

माझं गाव पांझरेकाठी, धुळे जिल्ह्यात. लहानपणी खळ्यावर ज्वारीची रास पडली की घरात धान्य येण्याआधी काही माणसं येऊन उभी राहत. पाटकरी, हवालदार, बारेकरी, जागल्या. पाटकरी पाटावर फिरून पाणी पाहायचा, हवालदार त्याच्यावर नजर ठेवायचा, बारेकरी प्रत्यक्ष शेतात पाणी भरायचा आणि जागल्या उभं पीक राखायचा. आजोबा त्यांच्या हिश्शाचं धान्य मापून देत. मला वाटायचं हा दानधर्म आहे. तो पगार होता, हे फार उशिरा कळलं.

ही फड पद्धत. पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर दगडी बंधारे, त्यातून पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे मोठे तुकडे म्हणजे फड. एका फडात एकच पीक. पाणी कमी असेल त्या वर्षी एखादा फड सगळ्यांनी मिळून पडीक ठेवायचा. कुठला, ते गावचे पंच ठरवीत. खर्चाची वाटणीही साधी होती. पाट आणि चाऱ्यांमधला गाळ शेतकऱ्यांनी काढायचा, माणसं शेतकऱ्यांनी पोसायची. बंधाऱ्याची मोठी पडझड झाली तर सरकारनं हात घालायचा, कारण बागायत म्हणून शेतसारा तेच जास्त घेत होतं.

सगळं गोड होतं असं मात्र नाही. पाणी जमिनीला चिकटलेलं, त्यामुळे जमीन नसणाऱ्याला वाटा नाही. जागल्याला धान्य मिळे, पंचांच्या बैठकीत जागा मिळत नसे.

पुढे फौजेत गेलो आणि ऐंशीच्या दशकात फाजिल्का भागात नेमणूक झाली. जानेवारीतली रात्र, धुकं असं की स्वतःचा हात दिसू नये. आमच्या गस्तीला चारीच्या कडेनं कंदील हलताना दिसला. हटकलं, तर एक सरदारजी फावडं घेऊन निघालेले. म्हणाले, ‘साहब, मेरी बारी है.’ रात्री दोन वाजून काही मिनिटांनी त्यांची पाळी सुरू होत होती. तेवढी मिनिटं कागदावर लिहिलेली होती.

ही वारबंदी. आठवड्याचे 168 तास चकातल्या जमिनीच्या प्रमाणात वाटायचे. कोरडी चारी भरायला लागणारा वेळ म्हणजे ‘भराई’, तो त्या शेतकऱ्याला वाढवून मिळतो. पाणी वर तोडल्यावर चारीत उरलेलं पाणी टोकाच्या शेतकऱ्याला मिळतं, ती ‘झराई’, म्हणून त्याच्या पाळीतून तेवढा वेळ कापतात. मी तोफखान्यातला माणूस, सेकंदांचे हिशेब केलेला. पण हा हिशेब पाहून टोपी काढावीशी वाटली.

याच्या मागे तेव्हा 1873 चा उत्तर हिंदुस्थानचा कालवा कायदा होता. कालव्यापासून मोघ्यापर्यंत, म्हणजे शेवटच्या सरकारी तोंडापर्यंत, देखभाल सरकारची. मोघ्याखालची चारी शेतकऱ्यांची. खोदणं, साफ करणं, रात्री जागणं सगळं त्यांचं. भांडण झालं तर कलम 68 खाली कालवा अधिकाऱ्याकडे अर्ज. नहरी पटवारी सरकारी पगारावर पीक लिहून घेई. आबियाना म्हणजे पाणीपट्टी गोळा करायचं काम गावच्या लंबरदाराकडे देता येई आणि त्याबद्दल त्याला मेहनताना मिळे. फौजेत रसदही अशीच. रेशन पॉइंटपर्यंत पुरवठा सेवा कोर आणून देते, तिथून पुढं पलटणीनं आपल्या गाडीनं न्यायचं. हद्द पक्की असली की तक्रार कोणाकडे करायची ते कळतं.

आपल्याकडे, मुंबई इलाख्यातल्या मोठ्या कालव्यांवर, ही हद्द पुढं सरकत गेली. शेजपाळी आली. प्रत्येक शेतकऱ्यानं सात नंबरचा अर्ज भरायचा, मंजुरी घ्यायची, मग मोजणीदार येऊन भिजलेलं क्षेत्र मोजणार, कालवा चौकीदार दार उघडणार. सरकारचा माणूस थेट बांधापर्यंत आला आणि त्याचा सगळा खर्च सरकारवर. शेतकऱ्यालाही ते बरंच वाटलं, खोटं कशाला बोला. पण ज्याला आपण पोसत नाही त्याला आपण जाबही विचारू शकत नाही.

2005 साली महाराष्ट्रानं दोन कायदे केले. एकानं पाणी वापर संस्थांना मोजून पाणी द्यायचं ठरवलं. आतलं वाटप संस्थेनं करायचं. दुसऱ्यानं जलसंपत्ती नियमन प्राधिकरण आणलं. त्याच्या कलम 11 मध्ये लिहिलंय की पाणीपट्टीतून सिंचनाचं व्यवस्थापन, प्रशासन आणि देखभाल यांचा पूर्ण खर्च निघावा. धरण बांधल्याचा भांडवली खर्च त्यात धरलेला नाही. म्हणजे धरण सरकारचं, ते चालवण्याचा खर्च वापरणाऱ्याचा. तत्त्व मला पटतं. खटकतं ते एवढंच, की पैसे द्यायची जबाबदारी खाली आली तेवढ्या वेगानं माणूस नेमायचा आणि काढायचा अधिकार खाली आला नाही. आजोबांकडे दोन्ही होतं.

मागच्या दिवाळीत गावी गेलो होतो. फड मोडून बरीच वर्षं झाली. वरच्या बाजूला पाणी अडलं, ज्याची त्याची विहीर झाली, पीकही ज्याचं त्याचं. तरी चारीचा गाळ काढायला आणि पाळ्या लावायला एक माणूस ठेवावा म्हणून मारुतीच्या पारावर बैठक भरली होती. मला म्हणाले, ‘काका, तुम्ही बसा मधी.’ एकरी किती द्यायचं, विहीरवाल्यानं द्यायचं की नाही, यावर दोन तास गेले. मी मोठ्या हौसेनं सुचवलं की जुन्या रीतीप्रमाणे खळ्यावर धान्य द्या.

ज्याला ठेवायचं होतं तो पोरगा कोपऱ्यात उभा होता. म्हणाला, ‘काका, ज्वारी नको. महिन्याच्या महिन्याला रोख द्या, आणि पावती माझ्या नावानं फाडा.’