पंख्याचे पाते आणि पक्षी

कार्बन फायबर हलके असते, हे आता शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. पण त्याची वस्तू किती हलकी होईल आणि किती टिकेल, हे धाग्यापेक्षा ती घडवण्याच्या पद्धतीवर ठरते. जेट इंजिनाच्या कारखान्यांना हे समजायला पंचवीस वर्षे लागली.

इंग्लंडमधील फार्नबरोच्या सरकारी विमान-संशोधन संस्थेत विल्यम वॉट आणि सहकाऱ्यांनी १९६३-६४च्या सुमारास ॲक्रिलिकचा धागा ताणून आधी हवेत भाजला, मग प्राणवायूविना हजार अंशांहून अधिक तापवला. उरला तो बहुतांशी कार्बन, पोलादाच्या जेमतेम पाव वजनाचा. रोल्स-रॉइसने त्यापासून आरबी-२११ इंजिनाच्या पंख्याची पाती करायला घेतली. पाते हलके झाले की त्याला धरणारी चकती हलकी, आणि तुटलेच तर अडवणारे कवचही हलके! १९६८ मध्ये लॉकहीडच्या ट्रायस्टार विमानाचे कंत्राटही मिळाले.

१९७० मध्ये चाचणीसाठी फिरत्या पंख्यावर मेलेला पक्षी सोडला आणि पाती फुटली. कंपनीला टायटॅनियमकडे परतावे लागले. खर्च आधीच हाताबाहेर गेला होता, त्यामुळे सगळे खापर पात्यांवर फोडणे अन्यायाचे. पण ४ फेब्रुवारी १९७१ रोजी कंपनीचे दिवाळे निघाले आणि सरकारने ती ताब्यात घेतली.

धागा लांबीच्या दिशेने प्रचंड ताण सोसतो. आडवा मार मात्र थरांना चिकटवणाऱ्या राळेवर येतो. कागदाचे थर देऊन गणपती करणाऱ्यांना हे सांगायला नको: खळ जास्त झाली तर मूर्ती जड होते, कमी पडली तर पापुद्रे सुटतात. कार्बनच्या कापडावर हाताने ब्रश फिरवला की राळ हमखास जास्त राहते. ती धाग्याहून हलकी असली तरी फारसा भार उचलत नाही. नुसते वजन वाढवते. म्हणून पुढे मोजून राळ भरलेले पत्रे शीतपेटीत ठेवू लागले. ते वेगवेगळ्या दिशांनी रचायचे, पिशवीत घालून हवा खेचायची आणि ऑटोक्लेव्ह नावाच्या दाबाच्या भट्टीत शिजवायचे. अशा वस्तूत आकारमानाने साठ टक्क्यांच्या आसपास धागाच असतो.

१९९५ मध्ये जनरल इलेक्ट्रिकचे जीई-९० इंजिन बोईंग ७७७ वर प्रवासी सेवेत आले. त्याची बावीसही पाती कार्बनची होती. राळ अधिक चिवट, आणि पक्षी आदळतो त्या पुढच्या कडेला टायटॅनियमची पट्टी. वाचवलेल्या वजनातले थोडे तिथे मुद्दाम परत घातले होते.