जैहूनचे पाणी

इस्लामी संस्कृतीचा इतिहास वाचताना जैहून आणि सैहून ही दोन नद्यांची नावे आपल्याला वारंवार भेटतात. अरब भूगोलकारांनी ज्या मुलखाला 'मावराउन्नहर' म्हणजे नदीपलीकडचा प्रदेश म्हटले, ती नदी जैहून. आजची अमू दर्या. सैहून म्हणजे सिर दर्या. बाबर जन्मला ते फरगाना खोरे सैहूनच्या काठचे, तर अल्-बिरूनी जैहूनच्या मुखाकडील ख्वारज्मचा. औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, पाणचक्कीपाशी विसावलेले बाबा शाह मुसाफिर हेही बुखाऱ्याजवळच्या गिजदुवानचे. त्या मुलखातील माणसांविषयी आपण पुष्कळ बोलतो. पण या दोन्ही नद्या जिथे जाऊन मिळत, त्या अरल समुद्राचे काय झाले, याची चर्चा आपल्याकडे क्वचितच होते.

अरल हा म्हणायला समुद्र. वस्तुतः ते सरोवर. १९६० साली त्याचा विस्तार सुमारे ६८ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या पाचव्या हिश्श्याहून अधिक होता. सरोवरांमध्ये त्याचा क्रमांक जगात चौथा लागे.

या नद्यांवर शेती काही विसाव्या शतकात सुरू झाली नाही. दोन हजार वर्षांहून अधिक काळ तिथे कालवे आहेत. लहान पाटाला 'अरीक' म्हणत आणि पाणी वाटून देणाऱ्या माणसाला 'मीराब'. कोणाच्या शेतात किती पाणी जाईल, हे तो ठरवी. पूर्वी सारे आलबेल होते, असा दावा मात्र आम्ही करणार नाही. जैहूनने अनेकदा पात्र बदलले आणि अल्-बिरूनीनेच त्याची चर्चा केली आहे. १२२१ साली चंगेजखानाच्या फौजांनी ख्वारज्मची राजधानी गुरगंज उद्ध्वस्त केली, तेव्हा बंधारेही फुटले. तरीही समुद्र टिकला.

तो संपण्याची गोष्ट कापसापासून सुरू होते, आणि तिचा एक धागा आपल्यापर्यंत येतो. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि तिथला कापूस थांबला. मुंबईचे व्यापारी रातोरात गबर झाले, खानदेश-वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्याच टंचाईची झळ रशियाच्या गिरण्यांनाही बसली. १८६५ मध्ये रशियाने ताश्कंद घेतले. कापूस हेच त्यामागचे एकमेव कारण नव्हते, परंतु पुढे त्या जमिनीकडे झारशाहीने पाहिले ते कापसाच्या नजरेने. हवामानशास्त्रज्ञ वोयेकोव यांना तर अरल निरुपयोगीच वाटे. नद्यांचे पाणी तिथे नुसते वाफ होऊन उडून जाते, त्यापेक्षा ते शेतीला द्यावे, असे त्यांचे मत होते. 'समुद्रात वाया जाणारे पाणी' हा शब्दप्रयोग आपल्याही पुढाऱ्यांच्या भाषणांत सर्रास ऐकू येतो, म्हणून हे मुद्दाम नोंदवतो.

झार गेला, सोव्हिएत सत्ता आली; नजर तीच राहिली. १९५४ मध्ये काराकुम कालव्याचे काम सुरू झाले. वाळवंटातून तेराशे किलोमीटरहून अधिक नेलेल्या या कालव्याला अस्तर नव्हते, त्यामुळे कितीतरी पाणी वाळूतच मुरले. समुद्र आटणार हे नियोजनकारांना ठाऊक होते. हिशेबात कापसाचे पारडे जड ठरले, इतकेच. कोळ्यांना कोणी विचारले नाही. याच कोळ्यांनी १९२१ च्या दुष्काळात लेनिनच्या हाकेला ओ देऊन रशियाला १४ वाघिणी मासळी पाठवली होती.

१९८७ मध्ये समुद्राचे दोन तुकडे झाले. मुयनाक बंदरापासून पाणी शंभर किलोमीटरहून दूर गेले. जहाजे वाळूत गंजत उभी राहिली. मासेमारी संपली, पण मासे डबाबंद करण्याचा कारखाना चालू ठेवायचा होता, म्हणून दूरच्या समुद्रांतून मासे आणले गेले! उघड्या पडलेल्या तळावरचे मीठ आणि कीटकनाशके वाऱ्यावर उडून काराकल्पाक लोकांच्या शेतांत, विहिरींत, छातीत गेली. बायकांमध्ये रक्तक्षय बोकाळला. उन्हाळे अधिक तापले, हिवाळे अधिक गारठले. जैविक शस्त्रांच्या चाचण्या जिथे होत, ते बेट २००१ च्या सुमारास मुख्य भूमीला येऊन मिळाले. २०१४ मध्ये समुद्राचा पूर्वेकडचा भाग पूर्ण कोरडा पडला.

आणि एवढ्या मोलाचा तो कापूस? उझबेक पक्षप्रमुख रशीदोव यांच्या राजवटीत अस्तित्वातच नसलेला कापूस वर्षानुवर्षे कागदावर दाखवून मॉस्कोकडून पैसे उकळले जात होते, हे पुढे उघडकीस आले. पाणी मात्र खरेच गेले होते.

सारा दोष मॉस्कोच्या माथी मारून मोकळे होणेही बरोबर नाही. १९९१ नंतर स्वतंत्र झालेल्या सरकारांनी कापूस सोडला नाही. उझबेकिस्तानात वेचणीसाठी शिक्षक, डॉक्टर, मुले यांना सक्तीने शेतात नेण्याची पद्धत पुढेही दीर्घकाळ चालली. कझाकस्तानने जागतिक बँकेच्या मदतीने २००५ मध्ये कोक-अरल धरण पुरे केले, तेव्हा उत्तरेकडच्या लहान भागात पाणी चढले, मासे परतले, कोळ्यांची मुले पुन्हा होड्यांत बसली. दक्षिणेकडे तसे काही घडले नाही.

आता २०२२ पासून अफगाणिस्तानात तालिबान सरकार अमू दर्येवर कोश तेपा नावाचा २८५ किलोमीटर लांबीचा कालवा खणत आहे. उझबेकिस्तान आणि तुर्कमेनिस्तानला त्याची धास्ती वाटते. पण त्या नदीच्या पाण्याचा मोठा वाटा अनेक दशके याच दोन देशांनी घेतला. १९९२ मध्ये मध्य आशियातील पाच राष्ट्रांनी पाणीवाटपाचा करार केला, तेव्हा नदीच्या काठावरच्याच अफगाणिस्तानला त्या बैठकीत स्थान नव्हते.