तळटीप : ब्रिक्स्टन, एप्रिल १९८१

दक्षिण लंडनमधला हा भाग. कॅरिबियन बेटांतून आलेल्यांची वस्ती मोठी. ‘स्वॉम्प ८१’ या मोहिमेत साध्या वेशातल्या पोलिसांनी आठवडाभरात इथे नऊशेहून अधिक लोकांना रस्त्यात अडवले. नुसत्या संशयावर पकडायला १८२४चा भटक्यांविषयीचा कायदा हाताशी होताच. १० तारखेला भोसकल्या गेलेल्या एका कृष्णवर्णीय तरुणाला मदत करायला पोलीस पुढे झाले, तर जमावाला वाटले, ते त्याला दवाखान्यात जाऊ देत नाहीत. त्यातून दंगल उसळली. लेखकाने हे सारे ‘अफवा’ म्हणून उरकले आहे. पण ती चटकन पटली कशी, हे सांगायला हवे होते. या दंगलीवरच्या स्कारमन अहवालाने (१९८१) पोलीसदलातला संस्थात्मक वंशभेद नाकारला. दुसऱ्या एका चौकशीनंतरच्या मॅकफर्सन अहवालाने तो मान्य केला, पण १९९९मध्ये.