जामखेडला शिकलेल्या बाया

आशाताई आज घराघरांत ठाऊक आहे. पण गावातल्याच बाईला आरोग्याचं शिकवायची रीत 1970 नंतर नगर जिल्ह्यातल्या जामखेडात रुजली. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी आधी शिकलेल्या नर्सबाई खेड्यांत पाठवल्या. परक्या गावात त्या टिकेनात. मग गावांनीच आपली बाई निवडली. बऱ्याच जणी निरक्षर, कितीतरी दलित वस्तीतल्या. दर आठवड्याला जामखेडला यायचं, शिकायचं, मुक्काम करायचा. सगळ्या जातींच्या बाया एकत्र जेवायच्या, शेजारीशेजारी झोपायच्या. जुलाब झाले की मीठ-साखरेचं पाणी, बाळंतपणात स्वच्छ हात. वहीपेक्षा तोंडपाठावर भर. जिच्या हातचं पाणी चालत नव्हतं, तिलाच लोक बाळंतपणाला बोलवू लागले! आम्हांला तर दवाखान्यापेक्षा हीच गोष्ट मोठी वाटते.

2005 मध्ये देशभर आशा योजना सुरू झाली. सुरुवातीचं प्रशिक्षण 23 दिवसांचं, तेही टप्प्याटप्प्यानं. शिकवणं आलं, पगार मात्र नाही, कामागणिक मोबदला. कागदोपत्री ती ‘स्वयंसेविका’. अपरात्री बाळंतिणीबरोबर दवाखाना गाठणारीला हा शब्द कसा लावायचा? मानधनासाठी 2023 मध्ये महाराष्ट्रातल्या आशांनी संप केला. तुमच्या आशाताईचा मोबदला वेळेवर येतो का, हे गटाच्या पुढच्या बैठकीत तिलाच विचारा.